तळटीप चौदा

ऑगस्टात बँक दर वाढला
आणि सप्टेंबर ते डिसेंबर
पुण्याच्या भुसार बाजारात
गूळ, तूरडाळ, शेंगदाणा
जागचे हलले नाहीत.

या चार महिन्यांवर माझी पीएच.डी. उभी आहे.
सरकारची तूट तेव्हा फुगतच होती,
खर्चाचा हात सैल होता,
तरी पतधोरणाचा लगाम एकटा पुरला
असं मी लिहिलं,
अठ्ठाविसाव्या वर्षी असते तेवढ्या खात्रीनं.
आलेखातली ती सपाट रेघ
परीक्षकांनी चष्मा कपाळावर ढकलून पाहिली.
"सुरेख आहे हो," म्हणाले.
अर्थशास्त्रात सुरेख काही मिळालं
की आधी संशय घ्यावा,
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तीस वर्षांनी, मे महिन्यात,
संस्थेच्या तळघरातल्या नोंदवह्या स्कॅनिंगला जायच्या होत्या.
मी उगाच खाली उतरले.
वर वीज गेली होती, खाली गारवा होता, एवढंच कारण.

वही क्रमांक एकतीस. मार्केट यार्ड, गुलटेकडी.
अन्वेषक : सो. ग. तावरे.
दर मंगळवारची नोंद.
निळी शाई, काळी शाई, मध्येच शिसपेन,
एका आकड्यावर हळदीचं बोट.
आणि मग सतरा मंगळवार
एकाच शाईत, एकाच बैठकीत,
एकाच कलत्या अक्षरात.
मिरची तेवढी एक रुपया वर, एक रुपया खाली.
जिवंत वाटावी म्हणून.

तावरे सापडले धनकवडीत, मुलाच्या फ्लॅटमध्ये.
मला ओळखलं नाही, वहीचा फोटो ओळखला.
"ही ससूनमधली," म्हणाले.
"वॉर्डाबाहेर बाकडं होतं, तिथं लिहिली.
आमची ही आत होती.
मोठे डॉक्टर नेमके मंगळवारी यायचे,
बाजार कसा गाठणार?"
"कुणी तपासलं नाही?"
"साहेब म्हणाले, भाव स्थिर आहेत, उत्तम."
मग बशीतला चहा तसाच धरून,
"खरं सांगू बाई,
मला तेव्हा एकाच गोष्टीचा भाव ठाऊक होता.
एक इंजेक्शन बाहेरून आणावं लागायचं.
चार महिन्यांत तीनदा वाढला."
तिन्ही आकडे त्यांनी सांगितले, पैशांसकट.
मी लिहून घेतले.
त्या तिमाहीतली खरी निरीक्षणं
माझ्याजवळ तेवढीच आहेत.

चहा ज्यांनी आणला होता
त्या दारातूनच म्हणाल्या,
"साखर कमी घातलीय, चालेल ना?"
मी क्षणभर काही बोललेच नाही.
भिंतीवर हार घातलेला फोटो
मी आल्यापासून शोधत होते.

रात्री सतरा मंगळवार काढून टाकले
आणि गणित पुन्हा चालवलं.
गुणक निम्म्यावर आला.
प्रमाण त्रुटी एवढी रुंद
की तिच्यातून गुळाचा ट्रक सरळ जावा.
लगाम लागला असेल. नसेलही.
दर, तूट आणि भाव
यांचं त्या हिवाळ्यात आपसात काय चाललं होतं
ते आता कळायचं नाही.

शुद्धिपत्र पाठवलं. तळटीप चौदा :
"या काळातील निरीक्षणे उपलब्ध नाहीत."
संपादकांचं उलट टपाल आलं, कारण लिहा.
"अन्वेषक रजेवर," मी टाइप केलं,
आणि खोडलं.

कारण वहीच्या पुठ्ठ्याला, आतून,
टाचणीनं अडकवलेला एक अर्ज होता.
टाचणी गंजून कागदात उतरलेली.
चार महिने बिनपगारी रजा, पत्नीचे आजारपण.
खाली आमच्याच संस्थेचा शिक्का :
नामंजूर.
अनुदानात कपात झाल्याने
बदली अन्वेषक नेमता येत नाही.

खर्चाचा हात सैल होता,
असं मी लिहिलं आहे.
पान सत्तेचाळीस.